लत्तलूरची सून

मराठवाड्यात कुणी अनोळखी माणूस भेटला, की गावाचं नाव विचारून झाल्यावर दुसराच प्रश्न येतो, ‘पाव्हणे कुठले तुमचे?’ म्हणजे तुमच्या सोयरिकी कोणत्या गावच्या? मामा कुठले, आत्या कुठं दिली, मोठ्या भावाची सासुरवाडी कोणती? या उत्तरांतून दोन-तीन ओळखीची नावं निघतातच, आणि मग परकेपणा संपून चहा येतो.

मुखेडला हा प्रश्न जरा जास्तच रंगतो. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला असलेला हा तालुका. बालाघाटचे उतरते डोंगर, मधूनमधून काळी जमीन, ज्वारी-तुरीची शेतं. दक्षिणेला थोडं गेलं की कानडी ऐकू येते, पूर्वेला गेलं की तेलुगू. पूर्वी हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात एकत्रच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्यं झाली. नांदेड आपल्याकडे आलं, बीदर आज कर्नाटकात आहे आणि निजामाबाद तेलंगणात. नकाशावर रेघा पडल्या, पण रेघांमुळे सोयरिकी थोड्याच तुटतात! लग्नसराईत मुखेडच्या एस.टी. स्टँडवर उभे राहा. डोक्यावर ट्रंक, काखेत पोर, हातात आहेराची पिशवी असं वऱ्हाड तीन-तीन भाषांत बोलत गाडीत चढताना दिसेल. लेक एका राज्यात, सून दुसऱ्या राज्यातली.

तर मुलांनो, आज मुखेडला जायचं ते अशाच एका सोयरिकीची गोष्ट ऐकायला. फक्त ही सोयरीक बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीची आहे, राजघराण्यांतली आहे, आणि तिच्यात मुलीकडच्यांना विचारलंच गेलं नव्हतं.

आधी मुखेडचं देऊळ बघू या. गावात दशरथेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे. देव महादेव. बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांच्या आणि सुरसुंदरींच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. सुरसुंदरी म्हणजे देवळाच्या भिंतीवरच्या देखण्या स्त्रिया. कुणी आरशात बघते आहे, कुणी नाचते आहे, अशा त्या असतात. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी किंवा दिवस कलल्यावर, देवळाला सावकाश एक फेरी मारा. भर दुपारी मूर्ती सपाट दिसतात. हे मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं मानतात. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. मुखेडहून दक्षिणेला गेलं की ते लागतं. शेजारच्या देगलूर तालुक्यात होट्टल नावाचं गाव आहे, तिथली सिद्धेश्वराची आणि इतर देवळं याच घराण्याच्या काळातली.

पण मुखेडहून उलट्या दिशेला, वायव्येला, तासाभराच्या वाटेवर कंधार आहे. तिथं नाव ऐकू येतं ते राष्ट्रकूटांचं. आणि पश्चिमेकडे लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला अभिमानानं ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे लत्तलूर या उत्तम नगराचे स्वामी. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात.

म्हणजे बघा, मुखेडला उभं राहिलं तर एका बाजूला राष्ट्रकूटांची गावं आणि दुसऱ्या बाजूला चालुक्यांची राजधानी. या दोन घराण्यांनी एकमेकांचं राज्य दोनदा घेतलं. आधी राष्ट्रकूटांनी चालुक्यांचं घेतलं, इ. स. ७५३ च्या सुमारास. मग चालुक्यांनी राष्ट्रकूटांचं परत घेतलं, इ. स. ९७३ मध्ये. मधे बरोबर दोनशे वीस वर्षं. आणि गंमत अशी, की दोन्ही वेळा ज्यानं राज्य घेतलं, तो ज्याचं घेतलं त्याच्या नात्यातलाच होता! पहिल्या वेळी नातू, दुसऱ्या वेळी जावई.

आता पहिली गोष्ट.

सातव्या-आठव्या शतकात महाराष्ट्र आणि कर्नाटकावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरा पुलकेशी भेटतो ना, उत्तरेच्या हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा, तेच हे घराणं. त्यांची एक शाखा गुजरातेत राज्य करत होती. राष्ट्रकूट तेव्हा कुणी मोठे नव्हते. मोठ्या राजाच्या पदराला बांधलेले लहान सरदार, म्हणजे सामंत. त्यांच्यातल्या इंद्र नावाच्या एका तरुणानं चालुक्यांची एक राजकन्या पळवून आणली. हे कुठं घडलं, तर खेटक इथं. खेटक म्हणजे गुजरातेतलं खेडा. गांधीजी आणि वल्लभभाईंनी १९१८ मध्ये शेतकऱ्यांचा सत्याग्रह केला, तेच. तिचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत भवनागा असं येतं. साल नक्की लिहून ठेवलेलं नाही, पण इ. स. ७२० नंतरची पाच-सात वर्षं धरतात.

हे आपल्याला कसं कळलं? ताम्रपटांवरून. राजा एखादं गाव दान देई, तेव्हा तांब्याच्या पत्र्यांवर तो व्यवहार कोरून देत. पत्रे कडीत ओवायचे आणि कडीवर राजाची मुद्रा मारायची. त्या काळचा सातबाराच म्हणा ना! फरक एवढाच, की जमिनीचा मजकूर येण्याआधी राजाच्या खापरपणजोबापासूनची सगळ्यांची स्तुती असे. अशा स्तुतीत अर्धं मीठ-मसाला असतो. पण नाती मात्र बहुतेक खरी असतात, कारण ती सगळ्यांना ठाऊकच असत.

असा एक ताम्रपट संजाण इथं सापडला. संजाण हे मुंबईहून गुजरातेत शिरताना लागणारं गाव. हा पट राष्ट्रकूट राजा पहिला अमोघवर्ष याचा, शके ७९३, म्हणजे इ. स. ८७१ चा. इंद्र हा या अमोघवर्षाच्या पणजोबांचा भाऊ. तर पणजोबांच्या भावाबद्दल अमोघवर्षाचा कवी मोठ्या तोऱ्यात सांगतो, की इंद्रराजानं चालुक्य राजाची मुलगी राक्षसविवाहानं, युद्ध करून, खेटकाच्या मांडवातून घेतली.

राक्षसविवाह म्हणजे राक्षसाशी लग्न नव्हे बरं का! जुन्या शास्त्रात लग्नाचे आठ प्रकार सांगितले आहेत. मुलीच्या माणसांना मारून-झोडून, तिला बळजबरीनं उचलून नेऊन केलेलं लग्न, ते राक्षस. नावावरूनच ते शास्त्रकारांना फारसं शोभेचं वाटत नव्हतं हे कळतं, तरी क्षत्रियांना त्यांनी ते चालवून घेतलं. तुम्हांला लगेच रुक्मिणी आठवेल, आपल्या विदर्भाची. पण रुक्मिणीनं स्वतःच कृष्णाला निरोप धाडला होता. भवनागेनं कुणाला निरोप धाडला होता का, ती रडली का, तिला कुणी विचारलं का, यातलं एक अक्षर त्या तांब्यावर नाही. कवीला इंद्राचा पराक्रम सांगायचा होता. मांडवातल्या मुलीला काय वाटलं हे सांगायला त्याला गाव इनाम मिळणार नव्हतं.

एका मांडवात एवढी मारामारी कशासाठी? मला वाटतं, त्याचं उत्तर ‘पाव्हणे कुठले?’ या प्रश्नात आहे. इंद्र सामंत. त्याच्या घराण्याला कोण ओळखत होतं? पण चालुक्यांची मुलगी घरात सून म्हणून आली, की पुढच्या पिढीचं उत्तर बदललं. ‘मामा कुठले?’ ‘चालुक्य.’

या लग्नातून मुलगा झाला, त्याचं नाव दंतिदुर्ग. आजोळ चालुक्यांचं. आजोळी आपण सुट्टीत जाऊन आंबे खातो. या पठ्ठ्यानं आजोळचं राज्यच खाल्लं!

दंतिदुर्ग मोठा झाला तेव्हा चालुक्य थकत चालले होते. दक्षिणेत कांचीच्या पल्लवांशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. उत्तरेत, गुजरातेतल्या त्यांच्या शाखेनं नवसारीकडे चाल करून आलेल्या अरबांच्या फौजेला हरवलं, त्याची हकिगत इ. स. ७३९ च्या सुमाराच्या एका ताम्रपटात आहे. विजय मोठा, पण लढाया माणसं आणि पैसा खातातच. दंतिदुर्गानं आधी आजूबाजूचे मुलूख घेतले आणि मग बदामीच्या राजावर, दुसऱ्या कीर्तिवर्म्यावर, हात टाकला.

याचा पुरावा आपल्याच राज्यात सापडला. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळ सामानगड आहे. तिथं मिळालेला दंतिदुर्गाचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इ. स. ७५३-५४ चा आहे. त्यात म्हटलं आहे, की ज्या कर्नाटकी सैन्यानं कांचीचा राजा, चोळ, पांड्य आणि हर्ष यांना हरवलं होतं, त्या सैन्याला दंतिदुर्गानं मूठभर माणसांनिशी जिंकलं. ‘मूठभर’ हा मीठ-मसाला असेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. शत्रूची एवढी तारीफ का? शत्रू जेवढा मोठा, तेवढा विजय मोठा, हे एक कारण. दुसरं असं, की तो शत्रू आईच्या घरचा होता.

याच ताम्रपटात आईचा उल्लेख दोनदा आहे. एकदा कुळ सांगताना : आईकडून चंद्रवंशाची, वडिलांकडून चालुक्यांची. मांडव, मारामारी, राक्षसविवाह यांचा इथं पत्ता नाही! विचार करा, पहिला ताम्रपट तिच्या मुलाचा, तिच्या आयुष्याला लागून असलेला. दुसरा सव्वाशे वर्षांनंतरचा. जी गोष्ट मुलानं कोरली नाही, ती पुतण्याच्या नातवानं मिरवली. आईला ज्या रीतीनं आणलं ते मुलाला मिरवावंसं वाटलं नसेल? की ती हकिगतच पुढं वाढत गेली? मला पहिलं खरं वाटतं. तुम्हांला काय वाटतं ते वर्गात बोला.

दुसरा उल्लेख मला फार आवडतो. त्यात म्हटलं आहे, की दंतिदुर्गाची मातृभक्ती त्याच्या आईनंच जगाला दाखवून दिली. कशी? तर चार लाख गावांत, गावागणिक तिनं जमिनी दान दिल्या. चार लाख हा आकडा मोजत बसू नका. पण दान देण्याइतका हक्क मुलानं आईला दिला होता, आणि तो तिनं वापरला, एवढं त्यातून दिसतं. ज्या जमिनी ती वाटत होती, त्यांतल्या काही तिच्या माहेरच्या राज्यातून जिंकून आणलेल्या असणार. दान देताना तिला काय वाटत असेल?

आता तो नेहमीचा प्रश्न. इंद्र खेटकाहून हात हलवत परत आला असता तर?

चालुक्यांचं राज्य तसंही डगमगत होतं, दुसऱ्या कुणी ते पाडलं असतं. पण तो राष्ट्रकूट असता असं नाही. लातूरकडच्या या सामंतांना इतिहासानं कदाचित एका ओळीत गुंडाळलं असतं. आणि वेरूळचं कैलास लेणं? ते दंतिदुर्गाच्या मागून गादीवर आलेल्या पहिल्या कृष्णाच्या काळातलं मानतात. आता इथं गोष्टीला एक वळण आहे. दंतिदुर्ग थोडीच वर्षं जगला आणि त्याला मुलगा नव्हता. गादीवर आला तो हा कृष्ण, दंतिदुर्गाचा चुलता, इंद्राचा भाऊ. म्हणजे ज्या भवनागेमुळे घराणं वर चढलं, तिचं रक्त पुढच्या एकाही राष्ट्रकूट राजात नव्हतं. शिडी तिची, माडीवर राहायला गेले दीर आणि त्यांची मुलं.

मुखेडहून कंधारची गाडी पकडा. रस्ता डोंगरांच्या कडेकडेनं वर-खाली होत जातो. मन्याड नदीच्या आसऱ्यानं वसलेलं कंधार आलं, की आधी दिसतो तो भुईकोट किल्ला. भोवती रुंद खंदक, त्यात पाणी, आत भक्कम दगडी तट. आज जे बांधकाम उभं आहे, त्यातलं बरंचसं नंतरच्या मुसलमानी राजवटींतलं आहे, पण गाव त्याहून खूप जुनं. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण ‘कंधारपुरवराधीश्वर’ ही पदवी लावत असे. गावात एका मोठ्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात देवळांना दिलेल्या दानांची माहिती आहे आणि ‘जगत्तुंगसमुद्र’ नावाच्या तळ्याचा उल्लेख आहे. समुद्र म्हणजे इथं मोठा तलाव. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांची पदवी. तो तलाव कंधारला आजही आहे, त्याच नावानं. आणि एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुटके अवयव इथं मिळाले. क्षेत्रपाल म्हणजे गावाची राखण करणारा देव. ते दगडी अवयव पाहिले, की अख्खी मूर्ती केवढी असेल या विचारानं मान आपोआप वर जाते. तेवढ्या राखणदारालाही घराणं राखता आलं नाही, ते पुढं येईलच.

राष्ट्रकूटांची राजधानी पुढं मान्यखेटला गेली, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्यांचा दरारा केवढा होता? सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या, इ. स. ८५१ च्या वृत्तांतात जगातले चार मोठे राजे सांगितले आहेत. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि बल्हरा. हा बल्हरा म्हणजे आपला राष्ट्रकूट राजा, ‘वल्लभराज’चं अरबी रूप. आता ही ‘वल्लभ’ पदवी मुळात कुणाची? चालुक्यांची! दंतिदुर्गानं राज्याबरोबर तीही उचलली. अरबांना राष्ट्रकूट ज्या नावानं ठाऊक होते, ते नावसुद्धा आजोळचं.

राज्य मोठं झालं तशा सोयरिकी बदलल्या. आता मुली पळवून आणण्याची गरज नव्हती, मुली देऊन मुलूख सांभाळायचा होता. म्हैसूरकडे गंग राजांशी राष्ट्रकूटांची कैक वर्षं मारामारी चालली होती. पहिल्या अमोघवर्षानं आपली मुलगी चंद्रबलब्बे गंग राजपुत्राला, पहिल्या बूतुगाला दिली आणि भांडण थांबलं. पुढं दहाव्या शतकात तिसऱ्या कृष्णाची बहीण रेवका दुसऱ्या बूतुगाला दिली. आंदणात काय दिलं, माहीत आहे? पुलिगेरे, बेळवोल असे चार प्रांत! आंदण म्हणजे भांडी-कुंडी, गाय-वासरू इथंच आपली कल्पना थांबते. पण राजांचं आंदण असंच असतं. आपली मुंबई नाही का, पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली! करार १६६१ चा, लग्न १६६२ चं. राजानं १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली.

कृष्णानं या मेहुण्याला गंगांची गादी मिळवून दिली, आणि मेहुण्यानं उपकार फेडले. इ. स. ९४९ मध्ये तमिळनाडूत तक्कोलम इथं राष्ट्रकूट आणि चोळ यांची मोठी लढाई झाली. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसून लढत होता. बूतुगानं त्याला हत्तीवरच गाठून मारलं आणि लढाई फिरली.

या लढाईची एक शेपटी सांगतोच, कारण शाळेच्या पुस्तकात ती सापडायची नाही. बूतुगाचा मणलेर नावाचा एक वीर तक्कोलमला मोठ्या शर्थीनं लढला. बूतुग खूष होऊन म्हणाला, ‘माग काय हवं ते.’ गाव मागावं, सोनं मागावं. मणलेरनं काय मागितलं? बूतुगाची कुत्री! तिचं नाव काली. पुढं कर्नाटकातल्या आतकूर गावाजवळ कालीची एका रानडुकराशी झुंज झाली आणि दोघंही मेले. मणलेरनं कालीच्या आठवणीसाठी दगड उभा केला, त्यावर तिची आणि डुकराची झुंज कोरली, आणि तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. त्याच दगडावर तक्कोलमच्या लढाईचीही हकिगत आहे. दक्षिण भारताच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या लढाईचा महत्त्वाचा पुरावा आपल्याला एका कुत्रीमुळे मिळाला.

आता दुसरी गोष्ट. ही समजायला थोडी नाती लक्षात ठेवावी लागतील. कागद-पेन्सिल घ्या हवं तर.

जबलपूरजवळ त्रिपुरीला कलचुरी नावाचं घराणं राज्य करत होतं. राष्ट्रकूटांच्या आणि त्यांच्या सोयरिकी कित्येक पिढ्यांच्या. तिसऱ्या कृष्णाची आई कुंदकदेवी ही कलचुरी राजा युवराजदेव याची मुलगी. कृष्णाच्या वडिलांना गादी मिळवून देण्यात याच कलचुरींनी मदत केली असं मानतात. एवढं घट्ट नातं. पण कृष्ण पराक्रमी तसाच तापट असावा. त्यानं कलचुरींवरही तलवार उचलली. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी इथं मिळालेल्या, इ. स. ९४० च्या त्याच्या ताम्रपटात बढाई आहे, की आईच्या आणि पत्नीच्या नात्यातला वडीलधारा असूनही त्यानं सहस्रार्जुनाला जिंकलं. कलचुरी स्वतःला सहस्रार्जुनाचे वंशज म्हणवत, तेव्हा हा वार कुणावर, ते उघड आहे. मामाच्या घरावर स्वारी, आणि वर तिची फुशारकी! दंतिदुर्गानंही आजोळ जिंकलं होतं, पण त्यातून राज्य उभं राहिलं होतं. कृष्णाला यातून काय मिळालं? एक जुना सोयरा कायमचा दुरावला.

आणि सोयरे दुरावतात, तेव्हा ते दुसऱ्या कुणाचे तरी सोयरे असतातच. कृष्णाच्या कलचुरी मामाचं नाव लक्ष्मणराज. त्याची मुलगी बोंथादेवी, म्हणजे कृष्णाची मामेबहीण. ती दिली होती एका जुन्या, पडत्या काळातल्या घराण्यात. ते स्वतःला बदामीच्या चालुक्यांचे वंशज म्हणवत आणि राष्ट्रकूटांची चाकरी करत. या बोंथादेवीचा मुलगा तैलप. कृष्णाच्या हाताखाली तो विजापूरकडच्या तर्दवाडी प्रांताचा अधिकारी होता. आणि त्याची बायको कोण? जक्कव्वे, राष्ट्रकूट कुळातलीच मुलगी.

जुळलं का चित्र? दोनशे वर्षांपूर्वी राष्ट्रकूट सामंत होते आणि त्यांच्या घरात चालुक्यांची लेक होती. आता चालुक्य सामंत होते आणि त्यांच्या घरात राष्ट्रकूटांची लेक होती.

कृष्ण इ. स. ९६७ मध्ये वारला. भाऊ खोट्टिग गादीवर आला. इ. स. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार राजानं, सीयकानं, थेट मान्यखेटवर धाड घालून राजधानी लुटली. वर्षभरातच तैलपानं राष्ट्रकूटांचा शेवटचा राजा दुसरा कर्क याला उखडून काढलं. बगदाद-चीनच्या रांगेत बसलेलं राज्य एका हंगामात गेलं.

तेव्हा कोण धावून आलं? त्रिपुरीचे मामा नाही आले. आला तो गंग राजा मारसिंह, त्या बूतुगाचा मुलगा. कृष्णाचा नातू चौथा इंद्र हा मारसिंहाचा भाचा, बहिणीचा मुलगा. भाच्याला गादीवर बसवायचा मारसिंहानं फार प्रयत्न केला, पण यश आलं नाही. दोघेही जैन धर्म पाळणारे. मारसिंहानं अन्नपाणी सोडून देह ठेवला, आणि इंद्रानंही इ. स. ९८२ मध्ये श्रवणबेळगोळला तसंच केलं. तिथल्या शिलालेखात इंद्राच्या चेंडूच्या खेळातल्या कौशल्याचं कौतुक कोरलेलं आहे. ज्याला गादी मिळाली नाही, अशा राजाबद्दल कोरणाऱ्याला हे लिहावंसं वाटलं, हे वाचून मला त्या इंद्राबद्दल उगीच आपलेपणा वाटतो.

आणि जक्कव्वे? नवऱ्यानं तिचं माहेर बुडवलं तेव्हा ती काय म्हणाली, हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण भवनागेच्या बाबतीत झालं नाही, ते तिच्या बाबतीत झालं. तिचा मुलगा सत्याश्रय तैलपानंतर गादीवर आला. पुढं तिचा दुसरा मुलगा दशवर्मा याच्या वंशात राज्य चाललं. याच वंशातल्या पहिल्या सोमेश्वरानं अकराव्या शतकात राजधानी कल्याणीला नेली. म्हणजे कल्याणीचे चालुक्य वडिलांकडून चालुक्य आणि आजीकडून, पणजीकडून राष्ट्रकूट! मुखेडचं दशरथेश्वराचं देऊळ याच काळातलं. कंधारच्या लेकीच्या वंशजांचं राज्य असताना ते उभं राहिलं, असं म्हटलं तर काही चूक नाही.

कंधारला गेलात तर जगत्तुंग तलावावर संध्याकाळी जा. किल्ल्यासाठी निदान दोन तास ठेवा, खंदकाच्या काठावर पोरांनी वाकून बघू नये, पाणी खोल आहे. परतताना मुखेडकडे येणारी शेवटची गाडी किती वाजता, हे आधीच स्टँडवर विचारून घ्या. आणि गाडीत शेजारी बसलेल्या आजींनी ‘पाव्हणे कुठले गं तुमचे?’ असं विचारलं, तर नीट सगळी नावं सांगा. त्यांना आजीच्या माहेरापर्यंतचं लागतं.